जुन्या गाडीत दुसरं इंजिन, दुसरा गिअरबॉक्स: नाशिकात काम काढण्याआधी

मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत कुठल्याही गॅरेजवर जाऊन विचारा, "माझ्या जुन्या गाडीत कुठलं इंजिन बसेल?" उत्तर ठरलेलं असतं: "सगळं बसतं भाऊ, तुम्ही इंजिन आणा." आणि ते खोटंही नसतं. गॅस कटर, वेल्डिंग मशीन आणि पुरेसा वेळ असला की जुन्या जीपमध्ये काहीही बसतं. पण बसलेलं इंजिन वेगळं, आणि आरटीओत पास होणारी, कसारा घाटात न उकळणारी, रोज सकाळी चालू होणारी गाडी वेगळी.

नवखा माणूस बहुतेक वेळा आधी इंजिन विकत घेतो. कुणीतरी स्वस्तात देतो म्हणतो, टेम्पोत घालून घरी येतं, आणि मग पुढची दोन वर्षं ते अंगणात ताडपत्रीखाली पडून राहतं. म्हणून मी सगळ्यांना उलट्या टोकाकडून सुरुवात करायला सांगतो: आधी कागद, मग चाकं आणि डिफरन्शियल (एक्सलमधला, चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा), मग गिअरबॉक्स, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

पायरी १: खरंच बदलायचंय का?

"गाडी ओढत नाही" हे इंजिन बदलण्याचं कारण नाही. आधी कॉम्प्रेशन बघा, कार्ब्युरेटर साफ करा, टायमिंग तपासा, ब्रेक चिकटत नाहीत ना ते बघा. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवली की निम्म्या "मेलेल्या" गाड्यांचा रोग कळतो. रिंगा गेल्या असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं, हेडचं काम करणं, बेअरिंग बदलणं, म्हणजे ज्याला आपण फुल इंजिन काम म्हणतो, ते अदलाबदलीपेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. शिवाय इंजिन नंबर तोच राहतो.

दुसरा प्रश्न: तुम्हाला ताकद हवी आहे की गिअर? हायवेला ऐंशीवर गाडी किंचाळते, ही तक्रार इंजिनाची नसते, गिअरची असते. चार गिअरच्या मारुती ८०० मध्ये पुढे आलेला पाच गिअरचा बॉक्स टाकणं, चार गिअरच्या जीपला पाच गिअरचा बॉक्स लावणं, अशा कामांत इंजिनाला हात लागत नाही. आरसीवर गिअरबॉक्सचा नंबर नसतो. पहिलंच काम असेल तर माझं मत सरळ आहे: नुसत्या गिअरबॉक्सपासून सुरुवात करा. अर्ध्या लोकांचं समाधान तिथेच होतं.

पायरी २: आरसी समोर ठेवून कायदा वाचा

हे कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं पाण्यात.

तुमच्या आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, सीसी, सिलिंडरची संख्या, गाडीचं वजन हे सगळं नोंदलेलं असतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात जे दिलं त्याच्याशी आरसीवरची माहिती विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची वाट त्याच कलमात ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही असं लिहिलेलं आहे.

व्यवहारात याचा अर्थ तीन पातळ्यांवर लावायचा.

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन बदललं, तर आरसीवर फक्त नंबर बदलतो. आधी आरटीओची मंजुरी, मग काम, मग तपासणी. हा राजमार्ग.

त्याच कंपनीचं पण वेगळ्या सीसीचं इंजिन असेल, तर काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन लेखी विचारा. एजंटाच्या "होऊन जाईल साहेब" वर जाऊ नका. लेखी होकार हातात नसेल तर इंजिन विकत घेऊ नका.

वेगळ्या कंपनीचं इंजिन, किंवा पेट्रोलच्या गाडीत डिझेल, हे रस्त्यावर चालवायच्या गाडीत करू नका. एके काळी अॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन टाकणं सर्रास चालायचं आणि काहींच्या आरसीवर त्याची नोंदही आहे. तो काळ गेला. अशी जुनी नोंद असलेली गाडी विकत घेत असाल तर नोंद खरी आहे का ते परिवाहनच्या संकेतस्थळावर ताडून बघा.

आणखी दोन गोष्टी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि पुढे दर पाच वर्षांनी. तेव्हा निरीक्षक बॉनेट उघडतोच. गुपचूप बदललेलं इंजिन आज नाही तर त्या दिवशी पकडलं जाणार. आणि तुमची गाडी ५० वर्षांची झाली असेल किंवा होत आली असेल, तर थांबा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण इंजिन, चेसिस, बॉडी मूळची असली तरच. जुन्या विलीज-महिंद्रा जीपमधलं हरिकेन पेट्रोल इंजिन काढून भंगारात देणारे लोक मी बघितलेत. तेच इंजिन आता शोधत फिरतात. अशा गाडीत मूळ इंजिनाचंच काम करून घ्या, बाकीचा लेख तुमच्यासाठी नाही.

पायरी ३: घराण्यातलं शोधा

इंजिन-गिअरबॉक्सची निवड म्हणजे सोयरीक. ज्या कंपनीने तुमची गाडी बनवली तिनेच पुढे त्याच चेसिसवर काय बसवलं, हे आधी शोधायचं. कारण तिथे फाउंडेशनची (इंजिन चेसिसला धरणाऱ्या आधारांची) जागा, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) आकार, शाफ्टची लांबी हे सगळं कारखान्यातल्या इंजिनीअरने आधीच सोडवून ठेवलेलं असतं.

पद्मिनी घ्या. मूळचं फिएटचं १०८९ सीसी इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनई आणली, त्यात निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स. दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिन उभं बसवलेलं. म्हणून पद्मिनीत ११८ एनईचा अख्खा संच टाकणं ही देशभर रुळलेली वाट झाली. तांत्रिकदृष्ट्या छान बसतं. पण सीसी बदलते, म्हणजे वरची दुसरी पातळी लागू.

अॅम्बेसेडरचं तसंच. जुनं १४८९ सीसीचं बीएमसी घराण्यातलं इंजिन आणि पुढे नव्वदच्या दशकात आलेलं इसुझूचं १८१७ सीसी, सोबत पाच गिअर जमिनीवर. हिंदुस्तान मोटर्सने स्वतःच ते त्या बॉडीत बसवलं असल्याने जुळणी सोपी. मात्र इसुझूवाली गाडी दाता म्हणून, म्हणजे भाग काढायला, मिळाली तर क्रॉसमेंबर, फाउंडेशनच्या पट्ट्या, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट, क्लचचं पेडल सगळं उचला. "फक्त इंजिन द्या" म्हणणारा माणूस नंतर त्याच गाडीच्या मागे तीन वेळा धावतो.

जिप्सीच्या जुन्या एमजी-४१० मध्ये ९७० सीसी आणि चार गिअर. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसी आणि पाच गिअर. २००० मध्ये तेच घराणं १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) झालं. या गाडीची एक सोय म्हणजे ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा बॉक्स) गिअरबॉक्सपासून सुटी असते, मध्ये छोटा शाफ्ट. म्हणजे गिअरबॉक्सची लांबी बदलली तर बहुतेक वेळा तो एकच शाफ्ट कमी-जास्त करावा लागतो. एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं, पण तिथे ते आडवं बसतं, म्हणून चेंबर, मॅनिफोल्ड, फाउंडेशन यांत फरक येतो. विकणारा "सेम आहे" म्हणेल. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

जीपवाल्यांसाठी नाशिकसारखी जागा नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना, तिकडे इगतपुरीला इंजिनांचा कारखाना, जिथे प्युजोच्या परवान्यावरची डिझेल इंजिनं तयार झाली. एमएम-५४० मधलं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन डोळे झाकून उघडणारे फिटर या गावात आहेत. त्यातले काही कारखान्यातून निवृत्त झालेले. एमएम-५४० ला चार गिअरचा केएमटी-९० बॉक्स येतो, आणि सगळ्यांना त्याजागी बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या घराण्यातला पाच गिअरचा बॉक्स हवा असतो. कल्पना चांगली आहे. पण तो बॉक्स लांब असेल तर आखूड जीपमध्ये मागचा प्रॉपेलर शाफ्ट तेवढाच आखूड होतो, त्याचा उतार वाढतो, आणि मग शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (वळता सांधा) झिजायला लागतो. टेप घेऊन आधी मोजा.

मारुती ८००, झेन, एस्टीम यांत इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे आणि एकसंध. तिथे वेगवेगळं काही जुळवायच्या भानगडीत पडू नका. जे काढायचं ते गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, फाउंडेशन आणि वायरिंगसकट.

पायरी ४: जोड

काम फसतं ते इथेच, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घराण्यातले नसतील तर मध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते. लोकांना वाटतं प्लेटचं काम म्हणजे दोन्हीकडची भोकं जुळवणं. नाही. प्लेटचं काम हे की क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आणायचे आणि तिथेच धरून ठेवायचे. बोल्ट फक्त आवळून धरतात. जागा पक्की करते ती डॉवेल पिन, म्हणजे भोकात घट्ट बसणारी नेमक्या मापाची खुंटी. डॉवेल नसलेली प्लेट कुणी बनवून देत असेल तर घेऊ नका.

नाशिकचा फायदा असा की अंबड आणि सातपूर एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) प्लेट कापून देणारी वर्कशॉप्स भरपूर आहेत. पण त्यांना ड्रॉइंग लागतं. गॅरेजवाला कार्डबोर्डवर ग्रीसचा ठसा घेऊन जातो आणि त्यावरून प्लेट बनते, हे आजही चालतं. त्यापेक्षा इंजिनाची मागची बाजू आणि बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं कवच) दोन्ही घेऊन जा आणि डॉवेलच्या भोकांची मापं मशीनवरच काढून घ्या. "अंदाजे चालेल" हे वाक्य तिथल्या माणसाला उच्चारू देऊ नका.

प्लेट आली की तपासणी अशी करायची. गिअरबॉक्स न लावता फक्त प्लेट आणि बेल हाउसिंग इंजिनाला आवळा. डायल गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर चिकटवा, गेजची टोकणी बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवा. आता क्रँक पान्याने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा आणि काट्याकडे बघा. काटा एकूण दहा-बारा शतांश मिलिमीटरच्या आत हलला तर ठीक, म्हणजे ०.१० ते ०.१२ मिमी. त्यापेक्षा जास्त हलला तर प्लेट सरकवून डॉवेल पुन्हा बसवा. फिटर म्हणेल, "दादा, एवढं कोण बघतं?" त्याला चहा पाजा आणि काटा दाखवा. हे न बघितलेल्या गाडीत काही महिन्यांनी गिअर जड पडतात, पुढचं बेअरिंग वाजायला लागतं, क्लच थरथरतो, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर जातो.

मग लांबी. इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातल्या छोट्या बुशमध्ये) पुरेसं आत जायला हवं, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर सतत भार येतो आणि इंजिन आतून झिजायला लागतं. मापायची सोपी पद्धत: शाफ्टच्या टोकाला प्लॅस्टिसिनची गोळी लावून बॉक्स चढवायचा, परत उतरवायचा आणि गोळी किती दबली ते बघायचं.

क्लचचा नियम लक्षात ठेवा: प्लेटच्या स्प्लाइन (मधल्या भोकातले दाते) गिअरबॉक्सच्या, प्लेटचा व्यास फ्लायव्हीलचा, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलची, आणि रिलीज बेअरिंगची उंची त्या दोघांच्या मधली. जुन्या गाडीला केबल आणि नव्या बॉक्सला हायड्रॉलिक असेल तर मास्टर सिलिंडर कुठे बसणार हे आधी ठरवा. सेल्फ (स्टार्टर मोटर) कुठल्या बाजूला येतो आणि स्टिअरिंग कॉलमला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला अडतो का, तेही.

चेसिसचा मुख्य रूळ कापायचा नाही. फाउंडेशनची पट्टी बदला, क्रॉसमेंबर बोल्टने सरकवा, बोगद्याचा पत्रा थोडा वाढवा. पण रूळ कापून जागा करतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

पायरी ५: खडू आणि टेप

डिफरन्शियलचा रेशो न बघता गिअरबॉक्स घेऊ नका. हिशेब घरच्या अंगणात होतो. मागच्या टायरवर जमिनीला टेकते तिथे खडूने खूण करा, खाली फरशीवरही. गाडी ढकलत चाकाचा एक फेरा पूर्ण करा, दुसरी खूण करा, टेपने मापा. टायरवर छापलेल्या आकड्यापेक्षा हे माप खरं, कारण गाडीचं वजन त्यात येतं.

समजा एका जुन्या जीपचं माप २.२५ मीटर आलं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ५९३ फेरे. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपचा मागचा रेशो ५.३८. वरचा गिअर सरळ एकास एक असेल तर इंजिन फिरणार ५९३ गुणिले ५.३८, म्हणजे जवळपास ३१९० आरपीएम. जुन्या डिझेलला ही दमछाक. आता पाचवा गिअर ०.८ चा असेल तर तोच आकडा २५५० वर येतो. किंवा गिअरबॉक्स तसाच ठेवून मागे-पुढे ४.२७ चं क्राउन-पिनियन टाकलं तरी साधारण २५३० येतो.

म्हणजे दोन वाटा एकाच ठिकाणी पोचतात. पण दोन्ही एकत्र केल्या तर आकडा दोन हजाराच्या आसपास येतो आणि मग सप्तशृंग गडाच्या घाटात पाचवा सोडा, चौथाही ओढणार नाही. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच ठेवावा लागतो, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण विसरणारे आहेत.

शाफ्टच्या कोनाचं थोडक्यात: गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलची पिनियन एकमेकांना समांतर हव्यात, म्हणजे दोन्ही क्रॉसवरचा कोन सारखा येतो. मोबाइलमधलं लेव्हल अॅप इथे कामी येतं. शाफ्ट कापून जोडला की बॅलन्सिंग करून घ्यायचं, नाहीतर साठच्या पुढे अख्खी गाडी गुणगुणते.

पायरी ६: आता इंजिन

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणा, नाहीतर ओळखीच्या भंगारवाल्याकडून, पण चार कागद मागा: इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, दाता गाडीच्या आरसीची प्रत, त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. नंबर कोरलेली जागा तारेच्या ब्रशने साफ करून निरखा. ग्राइंडर फिरवलेला, पुन्हा ठोकलेला, अक्षरं वाकडी असलेला नंबर दिसला तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून परत या. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या गाडीत सापडलं तर तुम्ही काय सांगणार?

दाता गाडी उभी असतानाच इंजिन चालू करून बघता आलं तर सोन्याहून पिवळं. थंड असताना चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन संशयास्पद. ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधाळ थर असेल तर पाणी मिसळतंय. झाकणातून धूर भकाभक येत असेल तर रिंगा. मग कॉम्प्रेशन. पेट्रोलमध्ये नुसता आकडा बघू नका, चारही सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मापा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडची पॅकिंग.

चालू होत नसलेलं इंजिन घेत असाल तर ते फुल काम करायचंच इंजिन आहे असं समजून भाव करा, विकणारा काहीही म्हणो.

एमपीएफआय इंजिन घेतलं तर वायरिंगचा हार्नेस कापून देऊ नका म्हणावं. ईसीएम (इंजिनाचा संगणक), सगळे सेन्सर, अॅक्सिलरेटरची केबल, आणि गाडीला इमोबिलायझर असेल तर त्याची चावी आणि युनिटसुद्धा. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल पंप फार कमी दाबाचा असतो; एमपीएफआयला साधारण तीन बारचा दाब लागतो. म्हणजे टाकीत वेगळा पंप, दाब सहन करणारा पाइप आणि परतीची लाइन. साधा रबरी पाइप क्लिप मारून लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पायरी ७: ब्रेक, पाणी, वीज

ब्रेक आधी. इंजिनाची ताकद वाढवणार असाल आणि पुढे ड्रमच असतील तर आधी ब्रेकचं काम पूर्ण करा, मग इंजिन चढवा. उलट क्रम मी कुणाला सुचवणार नाही. डिझेल जड असतं, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या बसतात, तेही जमेस धरा.

रेडिएटर इंजिनाबरोबरचाच घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची सवय सोडा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो म्हणून तो काढायचा नसतो, त्याने फक्त इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि इंधन जास्त जातं. जुन्या गाडीला डायनामो असेल तर अल्टरनेटर, बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाड केबल, आणि इंजिनापासून चेसिसला जाड अर्थिंग. अर्ध्या "सेन्सर खराब" तक्रारी त्या एका अर्थिंगच्या पट्टीने सुटतात. स्पीडोमीटरची केबल नव्या बॉक्सला लागत नसेल तर ते आधी सोडवा, कारण तपासणीच्या वेळी ते विचारलं जातं.

पायरी ८: मिस्त्रीशी बोलणी

काम तोंडी देऊ नका. वहीत लिहा: काय काढणार, काय बसणार, कुठले भाग तुम्ही आणणार, पैसे किती टप्प्यांत. इंजिन पहिल्यांदा चालू झालं म्हणजे काम संपलं असं मिस्त्री समजतो. तुम्ही समजू नका. शेवटचा हप्ता गाडी घाट चढून आल्यावर द्यायचा, हे पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून ठेवा. मशीन शॉपमध्ये प्लेट बनवताना आणि डायल गेज लावताना स्वतः हजर राहा. बाकी दिवशी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलात तर त्यांचं काम होत नाही आणि तुमचं डोकं खराब होतं.

पायरी ९: चाचणी आणि नोंद

पहिली फेरी गंगापूर धरणापर्यंत, सकाळी, टूलबॉक्स आणि पाण्याचे कॅन घेऊन. परत आल्यावर प्रत्येक फाउंडेशनचा बोल्ट, बेल हाउसिंगचे बोल्ट, शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा. दुसरी चाचणी संध्याकाळी सहाला द्वारका चौकात. त्या कोंडीत पंधरा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना पारा वर गेला नाही तर फॅन आणि रेडिएटर पास. तिसरी, कसारा उतरून पुन्हा चढणं. समृद्धीने नका जाऊ, तो सपाट वेगाचा रस्ता. तुम्हाला चढ हवाय. इगतपुरीला टोकाला आल्यावर गाडी बंद न करता बॉनेट उघडा, नळ्या आणि जोड हाताने चाचपा, ऑइल कुठे गळतंय का बघा, आणि गिअरबॉक्सच्या खाली हात लावून तो किती तापलाय ते बघा. हात क्षणभरही टेकवता येत नसेल तर बेअरिंग किंवा ऑइलचं काहीतरी चुकलंय.

या सगळ्या फेऱ्यांना कागद सोबत हवेत: मंजुरीची प्रत, इंजिनाचं बिल, पीयूसी. कलम ५२ प्रमाणे बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी दुरुस्तीला द्यावी लागते. गाडी पेठ रोडला नेण्याआधी इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून छाप काढून ठेवा. बदललेल्या इंजिनाचा नंबर अशा कोपऱ्यात येतो की निरीक्षकाला आरसा आणि टॉर्च लागतो, तेव्हा आधीच इंजिन साफ केलेलं असेल आणि टॉर्च तुमच्या खिशात असेल तर काम लवकर आटोपतं.

आरसी हातात आली की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडे जाऊन पॉलिसीवर नव्या इंजिन नंबराची नोंद करून घ्या. जुन्या नंबराच्या पॉलिसीवर क्लेम अडकतो.

आणि काढलेलं मूळ इंजिन भंगारात देऊ नका. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, प्लग परत लावा, मॅनिफोल्डची तोंडं प्लॅस्टिकने बांधा, जमिनीपासून वर लाकडी फळीवर ठेवा, आणि पावसाळ्याआधी एकदा क्रँक हाताने फिरवा. गाडी कधी विकायची झाली तर मूळ इंजिन सोबत आहे एवढ्यावर गिऱ्हाईक मुंबईहून येतं.